पिल्लू खातंय का, ते आधी कळवा

होळीनंतर आमच्या घणसोली गावठाणात ज्या कोंबड्या अंडी उबवायला खुडूक बसल्या, त्यांची पिल्लं आता महिन्या-दीड महिन्याची झाली आहेत. तुमच्याही घरी तेच चाललेलं दिसतंय, कारण यंदाची जवळजवळ सगळी पत्रं पिल्लांचीच आहेत. कुणाच्या पिल्लाची चोच वाकडी, कुणाचे पाय फाकलेले, कुणाला एक बोट जास्त. फोटो भरपूर येतात. पण मला सगळ्यात आधी जे हवं असतं, ते निम्म्या पत्रांत नसतं: पिल्लू खातंय का? संध्याकाळी हातात घेतल्यावर गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली लागते का? दिसायला कसंही असो, पिशवी भरलेली असली तर आपल्या हाताशी वेळ आहे. दिसायला देखणं आणि पिशवी रिकामी, तर त्याच संध्याकाळी धावपळ करावी लागते. पनवेलच्या बाजूला एका हॅचरीत मी २२ वर्षं काम केलं आणि घरचं खुराडं तर सासूबाईंच्या काळापासून चालू आहे. दोन्हीकडे मी हाच हिशोब धरला.

प्रश्न: आमच्या कोंबडीखाली नऊ पिल्लं निघाली. सगळ्यांच्या चोचीच्या टोकावर साखरेच्या दाण्याएवढा पांढरा कण आहे. सून म्हणते बुरशी असेल, नखानं काढून टाकू. काढावा का? मानेमागेही जरा सूज वाटते. दोन पिल्लं काल सकाळपासून काही खात नाहीत.
— एक आजी, कळवा

उत्तर: आजी, आधी सूनबाईंना थांबवा. ती बुरशी नाही, तो अंडं फोडायचा दात आहे. आपल्या दातासारखा तो हिरडीत रुजलेला नसतो, वरच्या चोचीच्या टोकावर बसलेला एक टणक कण असतो, इतकंच. त्याचं काम आता झालंय. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात तो आपोआप गळतो. दाणे टिपताना, जमिनीवर चोच घासताना कधी पडला ते कळतही नाही. नखानं उचकटलात तर खालची कोवळी चोच सोलवटेल, आणि चोच दुखणारं पिल्लू दाण्याला तोंड लावत नाही.

मानेमागची सूजही त्याच कामाची आहे. कवच फोडायला मान मागे घेऊन जोर लावावा लागतो. त्यासाठी मानेमागे एक खास स्नायू भरलेला असतो, तो दोन-चार दिवसांत उतरतो.

हे काम मी हजारो वेळा पाहिलंय आणि अजूनही अंड्यापाशी बसून राहते. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पडदा फोडून अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. मग आतून चिवचिव ऐकू येते. आई खुडूक कोंबडीखालचं अंडं हळूच काढून आमच्या कानाला लावायची. आतून बारीक आवाज यायचा आणि वरून कोंबडी घशातल्या घशात त्याला ओ द्यायची. त्यानंतर कवचाला बाहेरून चांदणीसारखा तडा जातो आणि पिल्लू थांबतं. बारा तास, कधी चोवीस तास. माणसांचा धीर सुटतो तो इथे. पिल्लू अडकलेलं नसतं. कवचाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त अंगात यायचं असतं आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. त्या वेळी आपण कवच सोललं तर त्या वाहिन्या फाटतात, आणि चांगलं जगणारं पिल्लू आपल्या हातात रक्त जाऊन मरतं. थांबलात तर तेच जागच्या जागी फिरत, दातानं कापत, डब्याचं झाकण काढावं तसं अंडं उघडून येतं.

आणि खात नाहीत म्हणालात ती दोन पिल्लं कधी निघाली? काल पहाटे निघाली असतील तर काळजी नको. पोटात ओढलेला तो बलक दोन-तीन दिवस पुरतो. एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबच्या गावी पाठवतात ती याच शिदोरीवर. तिसऱ्या दिवशीही टिपत नसतील तर बोटानं चोचीचं टोक पाण्यात बुडवा आणि भिजवलेली कणी बोटावर धरा. एकानं टिपलं की दुसरं बघून टिपतं.

प्रश्न: घरी पाच गावठी पिल्लं आहेत, पाच आठवड्यांची. एकीची वरची चोच डावीकडे आणि खालची उजवीकडे वळली आहे. पहिल्या पंधरवड्यात काहीच कळलं नव्हतं. आता ती इतरांहून लहान दिसते. मिस्टर म्हणतात ही जगायची नाही, कापून टाकू. मुलगी रडते. काही उपाय आहे का?
— एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर: ताई, पत्रात वजन नव्हतं म्हणून मी ते फोन करून मागवलं आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून कळवलंत: हिचं १७० ग्रॅम, बाकीच्या चौघींचं २३० ते २५०. म्हणजे ती खातेय, पण पोटात जायला हवं तेवढं जात नाहीये. तुम्ही लिहिलंत की ती दिवसभर सगळ्यांच्या आधी दाण्यावर धावते. ते भुकेनं. इतर पिल्लं दहा मिनिटांत पोट भरून मातीत लोळायला जातात, ही बिचारी तासभर टोचत राहते आणि दहातला एखादा दाणा तिच्या तोंडात जातो.

हॅचरीत याला क्रॉसबीक म्हणायचे, आमच्या घरी तिरकी चोच. बहुतेक वेळा ती जन्मतःच रक्तात असते. कधी उबवताना तापमान वर-खाली झालं, कधी लहानपणी डोक्याला मार लागला, कधी अंडं घालणाऱ्या कोंबडीच्याच खाण्यात उणीव होती, असंही असतं. पहिल्या पंधरवड्यात कळलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. चोच म्हणजे आत हाड आणि वर नखासारखं आवरण. हाड वाढत जातं तसा तिरकेपणा उघडा पडतो. चोचीची टोकं एरवी एकमेकांवर घासून झिजतात, तिच्या चोचीची एकमेकांना लागतच नाहीत, म्हणून ती वाढत जातात आणि तिरकेपणा महिन्यागणिक जास्त दिसतो.

चिकटपट्टी बांधून किंवा बोटानं दाबून ती सरळ होणार नाही. कुणी सांगितलं तरी करू नका, पिल्लाला श्वास घेणं कठीण होतं. आपण बदलायचं ते भांडं आणि खाणं.

माझ्याकडे अशी एक होती, तांबडी, मानेवर काळे ठिपके असलेली. ती चार वर्षं जगली आणि अंडीही दिली. तिचं जेवण मी जवळ बसून पाहायची. डोकं एका कुशीवर वळवायची, खालची चोच चमच्यासारखी खाद्यात खुपसायची आणि मान झटकून घास मागे ढकलायची. अर्धा घास गालाला लागायचा, मग गाल दगडाला पुसायची. हे बघितल्यावर मला कळलं की तिला खोली हवी. जमिनीवर सांडलेला दाणा तिच्या कामाचा नाही. आमटीची जड वाटी घ्या, दोन-अडीच इंच खोल, आणि ती वीट ठेवून तिच्या छातीच्या उंचीवर आणा. पिल्लांचं स्टार्टर खाद्य पाण्यात कालवा, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट आणि थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल. पाण्याचं भांडंही असंच खोल. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तिला एकटीला, टोपलीखाली झाकून वाढा, नाहीतर बाकीच्या चौघी तिची वाटी साफ करतील. आपल्याकडच्या या दमट उकाड्यात कालवलेलं खाद्य दोन-तीन तासांत आंबतं. उरलेलं लगेच फेका, वाटी घासून ठेवा.

टोक फार वाढलं तर महिन्यातून एकदा-दोनदा नखं घासायच्या कानशीनं घासा. नेलकटर नको, चोच उभी चिरते. खिडकीकडे तोंड करून धरलंत की टोकाचा पारदर्शक भाग आणि आतला गुलाबी भाग वेगळे दिसतात. गुलाबीच्या अलीकडे थांबायचं. चुकून रक्त आलंच तर स्वच्छ कापसानं दाबून धरा, वर चिमूटभर हळद. एकानं पिल्लू टॉवेलात गुंडाळून धरावं, दुसऱ्यानं घासावं. हे काम मुलीला द्या, तिचा हात तुमच्यापेक्षा हलका असेल.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. कोंबडी चोचीनंच पिसं साफ करते. जिची चोच मिटत नाही तिला उवा वेचता येत नाहीत. माझ्या तांबडीला पहिल्या पावसाळ्यात इतक्या उवा झाल्या की ती खंगायला लागली, आणि मी आठवडाभर तिच्या खाण्यातच खोट शोधत बसले होते. दर रविवारी पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून बघा. चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून एका घमेल्यात ठेवा, त्यात तिला लोळू द्या.

तिची अंडी खायला उत्तम. उबवायला मात्र कधीच ठेवू नका.

आता मिस्टरांसाठी. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत ते वाढायला लागलं तर ती जगेल, आणि तिला कापायचं काही कारण नाही. पण वाटी बदलून, वेगळं वाढूनही तीन आठवडे वजन उतरतच गेलं, पिशवी रोज रिकामी लागली, तर तिला उपाशी झिजू देणं बरोबर नाही, आणि तेव्हा मीही त्यांच्याच बाजूनं बोलेन. मुलीलाही हे आत्ताच सांगून ठेवा. पोरांना खरं सांगितलं की ती जास्त नीट काळजी घेतात.

प्रश्न: फिरत्या टेम्पोवाल्याकडून तीन महिन्यांच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घेतल्या. सहाही जणींची वरची चोच बोथट, तुटल्यासारखी, आणि खालची पुढे आलेली. आनुवंशिक दोष आहे का? फसवलं का आम्हाला?
— एक वाचक, दिवा

उत्तर: दोष नाही. चोच कापलेली आहे. एकसारखी सहाही जणींची बोथट चोच म्हणजे माणसाचा हात. अंड्यांसाठीच्या मोठ्या पोल्ट्रीत पक्षी दाटीवाटीनं राहतात, तिथे ते एकमेकांची पिसं उपटतात, रक्त दिसलं की टोचून मारतात. म्हणून साधारण आठवड्या-दहा दिवसांच्या वयात तापलेल्या पात्यानं चोचीचं टोक कापून, तिथेच डागून रक्त थांबवतात. अलीकडे काही हॅचऱ्यांत पहिल्याच दिवशी इन्फ्रारेड किरणांनी टोक जाळतात. ते लगेच पडत नाही, पंधरवड्यात झिजून गळतं.

पात्याच्या त्या मशीनवर मी तीन वर्षं उभी होते. पिल्लाचं डोकं अंगठ्यानं मागून धरायचं, तर्जनी गळ्याखाली लावायची म्हणजे जीभ मागे जाते, आणि चोच भोकात घालायची. जळक्या शिंगासारखा वास घरी आल्यावरही केसांतून जायचा नाही. पिल्लू हातात आक्रसतं, आणि त्या दिवशी ते खात नाही. चोचीच्या टोकात नसा असतात, कोंबडी चोचीनं चाचपते, आपण बोटांनी चाचपतो तशी. आठ-दहा पक्ष्यांच्या अंगणातल्या खुराड्यात याची काहीही गरज नाही, असं मी तेव्हाही साहेबांना म्हणत असे आणि आजही म्हणते.

तुमच्या तलंगांची वरची चोच आता पुरती वाढणार नाही, पण जगण्यात अडचण नाही. दाणा जमिनीवर विखरून टाकू नका, खोलगट भांड्यात द्या. कोथिंबीर-पालकाच्या काड्या बारीक चिरून द्या, त्यांना तोडून खाता येत नाही.

प्रश्न: मी सहावीत आहे. स्टेशनबाहेरून गुलाबी रंगाचं पिल्लू घेतलं. खोक्यात पेपर घातला आहे. त्याचे दोन्ही पाय बाजूला पसरतात आणि ते उभंच राहत नाही. ते मरेल का?
— खारघर

उत्तर: तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुझ्या आईशी बोलले होते, कारण अशा पिल्लाला महिनाभर थांबता येत नाही. तू काय काय केलंस ते इतर मुलांना कळावं म्हणून इथे लिहिते.

चूक पेपरची होती. गुळगुळीत कागदावर नवं पिल्लू उभं राहायला जातं आणि पाय घसरतात. दोन-तीन दिवस असं झालं की सांधे तसेच सैल पडतात. तू पेपर काढून गोणपाटाचा तुकडा अंथरलास. मग साध्या चिकटपट्टीची बारीक पट्टी कापून, चिकट बाजू एका पायाभोवती, मध्ये तुझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, आणि दुसरं टोक दुसऱ्या पायाभोवती, असा पायांना पूल बांधलास. पट्टी इतकी सैल की पायाला वळ पडू नये. पहिला दिवस ते सारखं तोंडावर पडत होतं, आणि तू दर दोन तासांनी उचलून पाण्यापाशी नेत होतास. चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ते उभं राहिलं. शाबास.

हे पहिल्या आठवड्यातच साधतं. दोन आठवड्यांनी बांधून फारसा उपयोग होत नाही.

तो गुलाबी रंग लावलेला आहे बाळा, लव गळून पिसं आली की जाईल आणि खाली पांढरं निघेल. रंगीत विकतात ती पिल्लं बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. ते अंडी देत नाहीत म्हणून हॅचरीला नको असतात, मग स्वस्तात विकले जातात. तुझं पिल्लू पहाटे आरवेल, सोसायटीत शेजाऱ्यांना आत्ताच सांगून ठेव. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३५ अंश ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्बपासून लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असेल तर उकडतंय. बल्बखाली कुडकुडत ओरडत असेल तर थंडी वाजतेय. एकटं पिल्लू फार रडतं, त्याच्याजवळ मऊ कापडाची घडी ठेव. आणि आता दुसरं रंगीत पिल्लू घेऊ नकोस, तू घेतलंस की तो विकणारा अजून दहा आणतो.

प्रश्न: दोन दिवसांच्या पिल्लाच्या पोटाखाली काळी सुकलेली दोरी लोंबते. ओढून काढू का?
— एक वाचक, कोपरी

उत्तर: अजिबात नाही. ती बेंबीची खपली आहे, सुकून पडेल. ओढलीत तर आतडं बाहेर येऊ शकतं. त्याच्यामागे, शेपटीखाली शी चिकटून गोळा झाला असेल तर तो मात्र काढायलाच हवा, नाहीतर पिल्लाची शी अडून ते मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून गोळा मऊ करा, पुसून घ्या, पिल्लू कोरडं करून उबेत ठेवा. जागा ओळखायची खूण: शीची जागा शेपटीलगत असते, बेंबी पोटाच्या मध्याकडे. बेंबी ओली, लाल आणि वास येणारी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: फ्लॅटच्या बंद गॅलरीत चार पिल्लं वाढवतोय, सहा आठवड्यांची. दोघांची चोच बोटानं दाबली की रबरासारखी वाकते. चालतातही लंगडत. खायला रोज तांदळाची कणी आणि भात. ऊन भरपूर येतं.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: दादा, हे थांबवण्यासारखं आहे आणि आजच थांबवायला हवं. कणीवर पिल्लू भरलेलं दिसतं, पिशवी फुगलेली लागते. माझा नेहमीचा प्रश्न इथे अपुरा पडतो, कारण तुमची पिल्लं खातायत, पण खातायत नुसता तांदूळ. हाड आणि चोच घट्ट व्हायला कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व तिन्ही लागतात; ते कमी पडलं की आधी चोच मऊ लागते, मग पाय वाकतात.

ऊन येतं म्हणालात, पण गॅलरीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावल्या आहेत. ज्या किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. उजेड येतो, ऊबही येते, आणि कामाचं ऊन बाहेरच राहतं. सकाळी आठ-साडेआठला तासभर काच उघडा, जाळी लावा, किंवा टोपलीत घालून गच्चीवर न्या, अर्ध्या टोपलीवर सावली राहू द्या.

कणी बंद करा, तयार स्टार्टर खाद्य सुरू करा. त्यात हे सगळं प्रमाणात असतं. ड जीवनसत्त्वाचे आणि कॅल्शियमचे थेंब पशुवैद्यांना विचारूनच द्या. अंदाजानं शिंपल्यांचा चुरा किंवा औषध ओतू नका, वाढत्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं. लवकर पकडलं तर चोच पुन्हा टणक होते. पाय किती सुधारतील ते आधी किती वाकलेत त्यावर. दोघांनाही एकदा दाखवूनच घ्या. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, तिथे उलगडा झाला नाही तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. ते १८८६ पासून चालू आहे आणि कोंबडी घेऊन आलेल्या माणसालाही तिथे नीट बघतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न: कडकनाथ म्हणून घेतलेल्या पिल्लाला पायाला पाच बोटं आहेत. अपंग आहे का?
— एक वाचक, बाळकुम

उत्तर: अपंग नाही, पण बहुधा शुद्ध कडकनाथही नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याला चारच बोटं असतात. काळी कातडी, काळं हाड आणि पाच बोटं हे सगळं एकत्र सिल्की नावाच्या जातीत असतं, तिची पिसंही रेशमासारखी मऊ सुटी असतात. पाचवं बोट आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी उतरतं. तुमच्या पिल्लात सिल्कीचं रक्त आहे असं मी म्हणेन. ते बोट जमिनीला टेकत नाही, चालण्यात आड येत नाही, कापायचा विचारही करू नका. फक्त त्याचं नख झिजत नाही, ते वळून कातडीत शिरतंय का ते महिन्याला बघा. कडकनाथच्या भावानं पैसे दिले असतील तर विकणाऱ्याला फोटो दाखवून जरूर विचारा.

प्रश्न: बाल्कनीत एसीच्या मागे कबुतराचं पिल्लू आहे. अंगावर पिवळे केस, आणि चोच एवढी मोठी आणि सुजलेली की डोकं लहान वाटतं. मुळाशी फुगलेली, टोकाकडे काळा पट्टा. आजारी आहे का? नेट लावायला माणूस येणार आहे, काय करू?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: आजारी नाही. कबुतराचं पिल्लू असंच दिसतं. कोंबडीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः टिपतं, म्हणून त्याची चोच बारीक आणि टोकदार. कबुतराचं पिल्लू टिपत नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दह्यासारखं घट्ट दूध तयार होतं, आणि पिल्लू आपली चोच त्यांच्या तोंडात आत घालून ते ओढून घेतं. त्यासाठी त्याची चोच मुळाशी रुंद आणि मऊ असते. अंग भरत जातं तशी ती प्रमाणात दिसायला लागते.

लहानपणीची चोच आणि मोठेपणीची चोच यांत किती फरक पडतो, ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात; ती जागा २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. रोहितांची ती वाकडी चोच सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं पिल्लू जन्मतं ते सरळ चोच घेऊन, आणि रंगानं राखाडी. चोच पुढे वाढता वाढता वाकते. ती पिल्लं आपल्या खाडीत जन्मत नाहीत, कच्छच्या रणात जन्मतात. पण थंडीत ऐरोलीच्या बाजूनं थव्याकडे नीट बघितलंत तर गुलाबी पक्ष्यांत मळकट राखाडी पक्षी दिसतील, ती वयात न आलेली पोरं. पहिल्यांदा ती मला दिसली तेव्हा मी एका जागी उभी राहून तासभर बघत होते.

नेटवाल्याला थोडं थांबवा. पिल्लू साधारण चार-पाच आठवड्यांचं झालं की उडतं. पिवळे केस अजून आहेत म्हणजे ते लहान आहे, आणि आत्ता नेट लावली तर आई-बाप बाहेर आणि पिल्लू आत उपाशी मरेल. रोज एकदा लांबून बघा: सकाळी गळ्याखाली फुगवटा दिसला तर ते पोसलं जातंय. उडून गेलं की त्याच दिवशी घरटं काढा, कारण कबुतरं तिथेच लगेच दुसरी अंडी घालतात. सुकी विष्ठा झाडू नका, तिची धूळ फुप्फुसांना वाईट. तोंडाला मास्क लावा, आधी पाणी शिंपडून ती भिजवा, मग खरवडा, आणि जागा सुकली की नेटवाल्याला बोलवा.